करूळ घाटांतील दोन रथ

आमचें वैभववाडी हें गांव प्रवासवर्णनांत सहसा येत नाहीं. कोंकणचीं वर्णनें लिहिणारे लेखक एकदम मालवणच्या समुद्रावर, सिंधुदुर्ग किल्ल्यावर किंवा देवगडच्या आमराईंत जाऊन उतरतात; सह्याद्रीच्या पायथ्याशीं वसलेल्या आमच्या तालुक्याच्या गांवाकडे त्यांचें लक्षच जात नाहीं. त्यांस दोष तरी कां द्यावा? येथें समुद्र नाहीं कीं किल्ला नाहीं. १९८१ सालीं रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला, १९९८ सालीं कोंकण रेल्वे अखेरपर्यंत सुरू झाली आणि 'वैभववाडी रोड' हें नांव फलाटावर झळकूं लागलें, एवढाच आमचा अर्वाचीन इतिहास. परंतु एक वस्तु आमच्यापाशीं आहे, ती म्हणजे घाट. तळेऱ्याहून येणारा रस्ता आमच्या बाजारांतून निघतो, करूळ गांव मागें टाकून सह्याद्रीला भिडतो आणि वळणें घेत घेत गगनबावड्यास चढून कोल्हापूरची वाट धरितो. देशावरचा गूळ खालीं येतो आणि खालचा आंबा, काजू वर जातो, तो याच वाटेनें. २०२४ सालीं रस्त्याच्या कामासाठीं हा घाट बंद होता, तेव्हां भुईबावड्याच्या घाटानें वळसा घेतांना त्याची किंमत आम्हांस पुरती कळली.

मी स्वतः जन्मांत मोटार चालविलेली नाहीं. सायकल आणि एस्. टी. ची लाल गाडी या दोन वाहनांवर माझी सारी नोकरी पार पडली. तथापि गेल्या मार्गशीर्षांत याच घाटांत दोन युरोपीय मोटारींत बसण्याचा योग आला आणि त्यांजविषयीं मत देण्याचाही प्रसंग ओढवला. वैयाकरणाला सराफाच्या गादीवर बसवावें, तशांतलाच तो प्रकार. पण त्यांत एका घराचें स्वास्थ्य गुंतलें असल्यामुळें मला अंग काढून घेतां आलें नाहीं.

माझे मामा मुंबईस एका गिरणींत इंजिनियर होते. १९५३ सालीं विलायतेस परत जाणाऱ्या एका इंग्रज सहकाऱ्यापासून त्यांनीं दोन आसनांची एक मोटार विकत घेतली. ती १९४८ सालची 'एम्. जी.' होती; तिच्या जातीचें नांव 'टी. सी.'. मामांच्या मागें ती त्यांच्या मुलाकडे, म्हणजे माझ्या मामेभावाकडे आली. आम्ही त्याला दादा म्हणत असूं. दादानें पुण्याजवळ भोसरीस यंत्रांचे सुटे भाग करण्याचा लहानसा कारखाना काढिला, तीस वर्षें खपून तो नांवारूपास आणिला आणि सत्तावन्नाव्या वर्षीं, २००७ सालीं, स्वतःच्या कमाईंतून 'पोर्शे ९११' ही जर्मन मोटार घेतली. दोन वर्षांपूर्वीं दादा गेला. मागें दोन मुलगे. दोघांचें बिऱ्हाड एकत्र, चूल एक, आणि माझ्या माहितीप्रमाणें त्यांच्यांत वाद असा कधीं झालाच नव्हता. तो या दोन मोटारींनीं उत्पन्न केला.

राहती इमारत पाडून तेथें नवी उठावयाची होती. करारांत मोटारींसाठीं दोन जागा मिळणार होत्या. त्यांपैकीं एक रोजच्या वापराच्या गाडीस हवीच. उरलेल्या एका जागेवर कोणती मोटार ठेवावी? थोरला म्हणे, वडिलोपार्जित ठेवावी. धाकटा म्हणे, वडिलांची स्वकष्टार्जित ठेवावी. या दोन प्रकारच्या धनांचा ऊहापोह धर्मशास्त्रांत पुष्कळ आहे. परंतु जागा एकच असतां त्यांतलें कोणतें विकावें, हें मला मिताक्षरेंत कोठें आढळलें नाहीं. अखेरीस थोरल्यानें फोन केला, "मास्तरकाका, आम्ही दोघे कुणकेश्वरास निघालों आहों. वाटेंत तुमच्याकडे मुक्काम करूं. दोन्ही गाड्या घेऊन येतों. तुम्हीच काय तें सांगा."

दिवेलागणीच्या सुमारास गाड्या अंगणांत आल्या. पुढें थोरल्याची एम्. जी., मागें धाकट्याची पोर्शे. बाजारांतल्या प्रत्येक गतिरोधकावर पोर्शेचें पोट जमिनीस घासेल म्हणून धाकटा तिला तिरपी घालून मुंगीच्या पावलानें आणीत होता, आणि शाळेंतलीं पोरें तिच्या पुढें धांवत होतीं.

आधीं म्हातारीचें वर्णन करितों. एम्. जी. हीं 'मॉरिस गॅरेजेस' या नांवाचीं आद्याक्षरें. ऑक्सफर्ड येथें विल्यम मॉरिस यांचें हें दुकान होतें. त्याचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनीं साध्या मॉरिस गाड्यांच्या सांगाड्यावर हलकीं, चपळ अशीं अंगें चढविण्यास आरंभ केला आणि पुढें ॲबिंग्डन येथें त्यांचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. महायुद्ध संपतांच १९४५ च्या अखेरीस टी. सी. निघाली, परंतु किंबर तत्पूर्वींच, त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत, लंडनच्या एका रेल्वे अपघातांत मरण पावले होते. १९४९ पर्यंत अशा सुमारें दहा हजार गाड्या बनल्या आणि त्या साऱ्यांचें चक्र उजव्या बाजूस होतें. असें असूनही अमेरिकन लोक तिच्यावर इतके लुब्ध झाले कीं, लहान चपळ मोटारीची आवड त्या देशांत रुजविण्याचें श्रेय तिला देतात. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० सालीं बंद पडला. तें नांव आतां एका चिनी कंपनीकडे गेलें असून, तें मिरविणाऱ्या निराळ्याच गाड्या २०१९ पासून आपल्या गुजराथेंत हालोल येथें होऊं लागल्या. नांव राहतें आणि वस्तु बदलते, याचें याहून चांगलें उदाहरण न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यासही मिळावयाचें नाहीं.

तिचें रूप रथासारखें आहे. एकोणीस इंची उंच चाकें, त्यांना तारांचे आरे, पुढें लांब नाक, पाठीवर उघडी पेट्रोलची टांकी, पुढची कांच आडवी पाडण्याची सोय, आणि दारें अशीं कीं तीं मागच्या बाजूस बिजागरीवर फिरतात. पत्र्याच्या आंत सांगाडा लांकडाचा. विलायतेंतील ॲश नांवाच्या झाडाचें हें लांकूड चिवट असतें. तिकडे गाड्यांचीं चाकें आणि हत्यारांचे दांडे त्याचेच करीत. एंजिन १२५० घन सेंटिमीटरांचें, शक्ति ५४ घोड्यांची, वजन सुमारें ८०० किलो.

आतां दुसरी. पोर्शे कंपनीनें १९६३ सालीं फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत या घराण्याची पहिली गाडी मांडली, तेव्हां तिचें नांव ९०१ होतें. मध्यें शून्य असलेले तीन अंकी आंकडे आपले आहेत, असा दावा पूजो या फ्रेंच कंपनीनें केला, म्हणून शून्याचा एक झाला आणि ९११ हें नांव जगभर गेलें. तिचें एंजिन मागच्या चाकांच्याही मागें असतें. म्हणजे रथाच्या पाठीमागें घोडे जुंपल्यासारखें. मागच्या चाकांवर भार पडल्यामुळें निघतांना आणि चढावर तीं जमिनीस घट्ट धरतात, हा गुण. परंतु वळणावर भरवेगांत चालकानें एकाएकीं पाय काढिला तर जड पाठ बाहेर फिरूं पाहते, हा दोष. निराळा मांडणीक्रम घेऊन तो टाळतां आला असता. तसें न करितां तीच मांडणी कायम ठेवून, चाकें, स्प्रिंगा आणि वजनाची वांटणी सुधारीत सुधारीत, त्या लोकांनीं साठ वर्षांत तो दोष जवळजवळ नाहींसा केला. पहिल्या गाडीचें एंजिन १९९१ घन सेंटिमीटर आणि १३० अश्वशक्तीचें असून तें वाऱ्यानें थंड होई. १९९७ पासून तें पाण्यानें थंड होऊं लागलें. दादाच्या गाडीचें एंजिन ३५९६ घन सेंटिमीटरांचें, शक्ति ३२५ घोड्यांची, वजन सुमारें १४०० किलो, आणि कंपनीनें सांगितलेला कमाल वेग ताशीं २८५ किलोमीटर. मीं त्रैराशिक मांडून पाहिलें. एम्. जी. चा एक घोडा पंधरा किलो ओढतो, तर पोर्शेच्या घोड्याच्या वांट्यास सव्वाचार किलोच येतात.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं घाट चढावयाचें ठरलें. जातांना एकींत बसावें, येतांना दुसरींत, म्हणजे न्याय समान होईल. परंतु सकाळीं पोर्शे उठेना. दादा गेल्यापासून दोन वर्षें ती बहुतेक उभीच होती. जुनी बॅटरी रात्रभरांत निकामी झाली. आतां गंमत अशी कीं, बॅटरी पुढच्या झांकणाखालीं, आणि तें झांकण उघडतें विजेवर. कपाटाची किल्ली कपाटांतच राहावी, तसें झालें. धाकट्यानें पुण्यास फोन करून उपाय विचारला. चालकाच्या पायांपाशीं असलेल्या फ्यूजच्या पेटींतून बाहेरची वीज देण्याची तजवीज असते असें कळलें, तेव्हां शेजारच्या जीपची बॅटरी काढून आणण्यांत तो गुंतला. थोरल्यानें मात्र एम्. जी. च्या नाकाखालीं लोखंडी दांडा घातला, विहिरीचा रहाट फिरवावा तसा एक झटका दिला आणि म्हातारी खोकत खोकत जागी झाली. भावाकडे पाहून तो हंसला नाहीं, हें मला बरें वाटलें.

करूळ सुटून चढ लागला. या गाडींत ताशीं चाळीसचा वेगही शंभरासारखा भासतो. वारा तोंडावर, जमीन हाताच्या अंतरावर, आणि चक्राची प्रत्येक धडपड आपल्या हाडांस कळते. पहिल्या गिअरास सिंक्रोमेशची सोय नाहीं. त्यामुळें तीव्र वळणावर एंजिनाचा आवाज ऐकून, नेमका क्षण साधून गिअर टाकावा लागतो. शास्त्रीबोवांनीं घनपाठ म्हणतांना श्वास सांभाळावा तसा थोरला तो क्षण सांभाळीत होता. एका वळणावर माझी टोपी उडाली. त्यानें गाडी थांबविली, मीं उतरून दहा पावलें मागें जाऊन ती उचलून आणिली.

निम्म्याहून अधिक घाट चढल्यावर पाण्याची वाफ उसळली. गाडी दोन वर्षें उभी राहिल्यानें एक रबरी नळी कडक होऊन चिरली होती. थोरल्यानें आसनाखालून कापडी गुंडाळी काढिली. तींत पाने होते, तसाच नळीचा एक जादा तुकडाही होता. परंतु यंत्र निवेपर्यंत झांकणास हात लावतां येत नाहीं. तेव्हां अर्धा तास आम्ही कठड्यावर बसलों. खालीं दरींत धुकें विरत होतें, दूर आमच्या गांवचीं कौलें दिसत होतीं. इतका वेळ तो यंत्राविषयीं बोलत होता. आतां बापाविषयीं बोलूं लागला. "काका, बाबा आमच्याशीं फारसे बोलत नसत. पण रविवारीं या गाडीखालीं निजून ते 'बारा नंबरचा पाना दे' म्हणत, आणि त्या एका तासांत जें काय बोलावयाचें तें बोलत. माझ्या लग्नाचें त्यांनीं मला गाडीखालूनच विचारलें."

गगनबावड्यास चहा झाला तोंच धाकटा पोर्शे घेऊन आला. कोल्हापूरच्या अंगास थोडें जाऊन परतावें म्हणून मला त्यानें आपल्या गाडींत घेतलें. मोटारीचें कौतुक त्या बाजूस नवें नाहीं. राजाराम महाराजांसाठीं जर्मनींत बनविलेली 'मेबॅक' मोटार आजही विजयादशमीस कोल्हापुरांत दसरा चौकाच्या सोहळ्यास निघते. मीं ती पाहिली आहे. रस्ता मोकळा व सरळ दिसतांच धाकट्यानें पाय किंचित् दाबिला. पाठीमागून हत्तीनें सोंडेनें ढकलावें तसा मी आसनांत रुतलों. कालिदासानें शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंताच्या रथवेगाचें वर्णन केलें आहे; तें मीं वर्गांत तीस वर्षें शिकविलें आणि त्या दिवशीं मला कळलें. पण पुढें लक्षांत आलें कीं, कांचा बंद, आंत गारवा, आवाज मंद. शंभराचा वेग चाळिसासारखा वाटत होता. नलोपाख्यानांत ऋतुपर्ण राजाचें उत्तरीय रथांतून पडतें, आणि तो थांबावयास सांगतो तोंवर तें एक योजन मागें राहिलेलें असतें. येथें उत्तरीय पडण्यास वावच नव्हता.

परततांना घाट उतरलों तो मात्र विसरणार नाहीं. इतकी बलाढ्य गाडी, पण धाकटा तिला लेकराला उचलून न्यावें तशी आणीत होता. जेथें म्हातारी प्रत्येक वळणाशीं भांडली, तेथें ही वळणास नुसती संमति देत होती. एका वळणावर मालमोटार अकस्मात् मध्यें आली. धाकट्यानें ब्रेक दाबतांच गाडी रेषेवर उभी राहिली. म्हातारी असती तर काय झालें असतें, हा विचार मीं बोलून दाखविला नाहीं. तो म्हणाला, "काका, बाबांनीं आजोबांची गाडी सांभाळली, कारखाना सांभाळला, आम्हांला सांभाळलें. स्वतःसाठीं त्यांनीं जन्मांत ही एकच वस्तु घेतली. तीच कशी विकूं?" मला उत्तर सुचलें नाहीं.

दुपारीं खरा बेत बाहेर आला. दोघांचें एका गोष्टीवर एकमत होतें. माझा गोठा रिकामा आहे, एम्. जी. तेथें ठेवावी, पोर्शे पुण्यास राहील, म्हणजे कांहींच विकावें लागणार नाहीं. वाचकहो, खरें सांगतों, मला मोह झाला. मामांच्या मांडीवर बसून मीं त्या गाडीचा भोंगा वाजविलेला आहे. तरी मीं आमच्या सुतारास बोलाविलें. त्यानें दार उघडून आंतलें लांकूड बोटानें ठोकलें, वास घेतला आणि म्हणाला, "मास्तरानूं, ह्यां काम आमच्या जातीचां आसा." मग त्यानें गोठ्याच्या खांबाकडे बोट केलें. खांब सागाचा, तरी खालून हातभर वाळवीनें खाल्लेला. येथें चार महिने पाऊस कोसळतो. कपाटांतल्या पोथ्यांवर बुरशी येते. असल्या दमट हवेंत तो परका लांकडी सांगाडा किती वर्षें टिकणार? शिवाय ती चालवावयाची कोणी? मीं नको म्हणून सांगितलें. पुढें पुष्कळ वेळ कोणी बोललें नाहीं.

रात्रीं थोरल्यानें गाडीच्या कप्प्यांतून एक पुठ्ठ्याची वही आणून माझ्यापुढें ठेविली. पहिलीं पानें मामांच्या हातचीं, पुढचीं दादाच्या. केव्हां तेल बदललें, कोणता भाग भोसरीस स्वतः घडविला, कोणत्या रविवारीं कोठवर फेरी झाली, सारें तारीखवार. पोर्शेच्या नोंदी त्याच वहींत उलट बाजूनें केल्या होत्या. त्या तीन पानांतच संपल्या. सतरा वर्षांत ती फार थोडी चालली होती. पण पहिल्याच नोंदीखालीं दादानें लिहिलें होतें, "वडिलांना शेजारीं बसवून घाट चढावयाचा राहिला." तें वाक्य मीं मोठ्यानें वाचलें. धाकट्यास तें ठाऊक नव्हतें, आणि थोरल्यासही. कारण वही उलटून कोणी पाहिलीच नव्हती.

नलाच्या त्या कथेंत पुढें असें आहे कीं, ऋतुपर्णानें नलास अक्षविद्या दिली आणि नलानें त्यास अश्वविद्या देऊं केली. सकाळीं कुणकेश्वरास निघतांना मीं तेवढेंच सुचविलें. "आज गाड्या बदलून न्या." दोघांस तें रुचलें नाहीं, पण मास्तराचें म्हणून ऐकिलें. संध्याकाळीं परतले तेव्हां धाकट्याचे हात काळे झालेले होते. वाटेंत नळीचा पट्टा सैल झाला, तो त्यानें स्वतः आवळला होता. थोरला कांहीं वेळ पोर्शेंतच बसून राहिला. मग ओटीवर येऊन म्हणाला, "काका, पोर्शे ठेवूं या. मला बाबा असे ठाऊकच नव्हते." त्यावर धाकटा म्हणाला, "नको. एम्. जी. ठेवूं. बाबांचें तें वाक्य वहींत आहे, आणि वही कांहीं आपण विकणार नाहीं." पहिल्यापेक्षां हा वाद सोडविणें अधिक अवघड होतें.

मग मीं माझें मत सांगितलें. पोर्शेसारखी गाडी पुढें कधीं पैसा देऊन पुन्हां मिळूं शकेल. मामांनीं आणि दादानें हातानें घडविलेले भाग असलेली एम्. जी. मिळणार नाहीं. पोर्शे बिघडली तर तिची नाडी पाहण्यास दुसरें यंत्र लागतें. म्हातारीला घरचीं माणसें पुरतात, आणि तिच्याभोंवतीं तीं जमतातही. तिसरें असें कीं, उभें राहणें हेंच दोन्ही यंत्रांना बाधलें. तेव्हां जी जाईल ती चालविणाऱ्याच्या घरीं जावी, झांकून ठेवणाऱ्याच्या नव्हे. चढउतारांत, सुरक्षिततेंत आणि कारागिरींत पोर्शे श्रेष्ठ आहे, हेंही मीं स्पष्ट सांगितलें. दादाला हा निवाडा पटला असता काय, हें मला सांगतां यावयाचें नाहीं.

फाल्गुनांत थोरल्याचें पत्र आलें. पोर्शे पुण्यांतीलच एका गृहस्थांनीं घेतली. ते रोज पहाटे ती बाहेर काढतात. पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठीं २०२१ सालीं केंद्र सरकारनें निराळ्या नोंदणीचे नियम केले, त्यांप्रमाणें एम्. जी. साठीं त्यांनीं अर्ज केला आहे. अशा गाडीच्या क्रमांकांत 'व्ही. ए.' हीं अक्षरें येतात, नोंदणी दहा वर्षें चालते, मात्र तिचा रोजचा वापर करतां येत नाहीं. प्रदर्शनास, मेळ्यास आणि दुरुस्तीस ती रस्त्यावर आणतां येते. पत्राच्या शेवटीं धाकट्यानें दोन ओळी जोडल्या होत्या. रविवारीं तोही आतां गाडीखालीं निजतो, आणि त्याची मुलगी पाने देते.

माझ्या गोठ्यांत मीं पुन्हां नारळाचीं सोडणें रचलीं आहेत. वाळवीचा खांब सुतारानें बदलून दिला. कोल्हापूरची एस्. टी. सकाळीं दारावरून घाटाकडे जाते, तेव्हां मी टोपी सांवरून ओटीवर उभा राहतों. घाट चढतांना ती पहिल्या गिअरांत येते तेवढा आवाज आतां मला ओळखतां येतो.